पाटीवरचे चार सेकंद

शनिवारी सकाळी पावणेआठला फोन वाजला तेव्हा तपासनीस बाईंच्या तोंडात टूथपेस्ट होती.

"आला," साहेब पलीकडून म्हणाले. "काल लागलेला सिनेमा काल रात्रीच नेटवर आला."

"येणारच," बाई म्हणाल्या आणि चूळ भरली.

"ऐक तर. या वेळी खूण वाचता आली. चाळीस मिनिटांत. एरवी पंधरा-पंधरा दिवस डोळे फोडतो आपण."

बाईंनी नळ बंद केला. ही खूण म्हणजे त्यांच्या कंपनीचं एकुलतं एक हत्यार. थिएटरचं यंत्र पडद्यावर चित्र टाकतं ना, त्याच चित्रात ते एक खूण मिसळून देतं. डोळ्यांना ती दिसत नाही. पण पडद्यावरून कुणी चोरून सिनेमा उतरवला की खूणही आपसूक उतरते. मग ती वाचली की कळतं: कुठलं थिएटर, कुठला दिवस, कुठला खेळ.

"कुठलं?"

"नदीकाठचं ते जुनं, एका पडद्याचं. काल सकाळी अकराचा खेळ. त्यांची नवी किल्ली मी अडवून ठेवलीय. जुनी आज संध्याकाळी सहाला संपते."

किल्ली म्हणजे खरीखुरी नव्हे. सिनेमा कुलूपबंद येतो, कंपनी एक फाइल पाठवते, ती यंत्रात घातली तरच तो उघडतो. तारीख संपली की सिनेमा तिथेच असतो आणि दिसत मात्र नाही.

"सहाच्या आत नाव दे," साहेब म्हणाले. "कामगार असेल तर तो पोलिसांत जाईल, थिएटर राहील. मालक असेल तर थिएटरच कायमचं बंद. आणि नावच मिळालं नाही, तरीही बंद."

"आणि सिनेमा?"

"सिनेमा काय, गेला," साहेब म्हणाले.

अकरा वर्षं बाई हे काम करत होत्या. अकरा वर्षांत त्यांनी एकही सिनेमा वाचवला नव्हता. माणसं पकडली होती, भरपूर. तोवर सिनेमा घरोघरी पोचलेला असायचा. घर जळून गेल्यावर काडेपेटी शोधायची, असली ही नोकरी. पण नोकरी होती, आणि बाईंना दुसरं काही येत नव्हतं.

बसमध्ये त्यांनी फोनवर ती चोरीची प्रत पाहिली. सिनेमा भिकार होता. प्रत मात्र अशी की बाईंनी दोनदा चष्मा पुसला. चित्र सरळ, कुठे तिरकं नाही. मध्ये कुणाचं डोकं नाही. नटाच्या कपाळावरचा घाम मोजून घ्यावा इतकं स्पष्ट. आवाजही स्वच्छ, पण जरा विचित्र. बोलणं ठणठणीत ऐकू येत होतं आणि गाणी शेजारच्या घरात लागल्यासारखी. सुरुवातीची नावं कुणीतरी कापून टाकली होती.

आणि मध्यंतरानंतर एक गंमत झाली. पडद्यावर एक रस्ता आला, रस्त्यावर एक शिंप्याचं दुकान. एकाएकी चित्र मोठं होत होत त्या दुकानाच्या पाटीवर जाऊन थांबलं. पाटीवरच्या अक्षरांवर. बाईंनी मोजलं. चार सेकंद. मग चित्र पुन्हा होतं तसं झालं.

बाईंनी ते सहा वेळा पाहिलं. चोराला शिंप्याच्या पाटीशी काय करायचंय?

थिएटरात त्या पोचल्या तेव्हा बारा वाजायला आले होते आणि अकराचा खेळ सुरू होता. बाहेर पोपडे आलेली भिंत, आत थंडगार फरशी, तिकिटाची एकच खिडकी. खिडकीवर पुठ्ठा टांगलेला, जाड काळ्या शाईत: 'खेळ सुरू झाल्यावर आत सोडणार नाही.' अक्षर वळणदार होतं. त्यातल्या 'ळ'ची शेपटी जरा जास्तच लांब ओढलेली.

खिडकीत तिशीची एक मुलगी बसली होती. बाईंनी ओळखपत्र दाखवलं तसा तिचा चेहरा उतरला. तिने मालकांच्या खोलीत फोन लावला. कुणी उचलला नाही. मग वर मशीनच्या खोलीत लावला.

"कंपनीच्या मॅडम आल्यात," ती म्हणाली, "मालकांना सांगा."

पाच मिनिटांनी मालक वरच्या अरुंद जिन्यावरून उतरले. साठीचे, इस्त्रीचा कोट, कपाळावर घाम. उजवा हात कोटाच्या खिशात.

"या या मॅडम. मास्तरांना जरा पाणी द्यायला वर गेलो होतो. आमचे मशीनवाले. पस्तीस वर्षं झाली. शाळेत एका बाकावर होतो आम्ही. आता जिना होत नाही त्यांच्याच्याने."

मालकांची खोली पायऱ्यांच्या बरोबर खाली होती. टेबल, कुलूप लावलेलं लोखंडी कपाट, जुन्या पोस्टरांच्या गुंडाळ्या. मालकांनी बाईंकडे पाठ करून एक खण उघडला, बंद केला आणि मग खुर्ची पुढे केली.

बाईंनी खुणेचं सांगितलं, आणि सहाच्या आत नाव मिळालं नाही तर थिएटर बंद होणार हेही. मालक मटकन खाली बसले.

"आमच्याकडे? अहो, आमच्याकडे चोरायला माणूस तर हवा! काल अकराला सात तिकिटं होती, सात!"

"खेळाच्या वेळी कामगारांचे फोन कुठे असतात?"

"इथेच, खणात. तुमच्या कंपनीचाच नियम ना? वर फोन न्यायला सक्त बंदी. मी स्वतः गोळा करतो."

"बघू."

खणात पाच कप्पे होते. चार कप्प्यांवर चिठ्ठ्या: मालक, मास्तर, तिकीट, दार. मास्तरांच्या कप्प्यात बटणांचा जुनाट फोन. पाचव्या कप्प्यावर चिठ्ठी नव्हती. आत एक मोठा, चपटा फोन.

"हा कुणाचा?"

"कुणाचाच नाही. जुना आहे, पडून असतो."

बाईंनी तो उचलून पाहिला. हाताला चांगली ऊब लागली. त्यांनी तो होता तिथे ठेवला आणि चहा चालेल का या प्रश्नाला हो म्हटलं.

दारावरचे काका सत्तरीचे होते. तरुणपणापासून अंधारात बॅटरी दाखवून लोकांना खुर्च्या दाखवत आलेले. त्यामुळे सगळं गाव त्यांना टॉर्चकाका म्हणायचं. त्यांच्या गळ्यात कंपनीने दिलेला, अंधारात दिसणारा चष्मा लोंबत होता.

"काल सकाळी हा लावला होता?"

"लावला होता की. नाक दुखतं, पण लावतो."

"काय दिसलं?"

"सात माणसं. त्यातली दोन झोपलेली. एक जोडपं, त्यांना सिनेमाशी काही देणंघेणं नव्हतं. उरलेले तिघं कंटाळलेले."

"कुणी हात वर केला? फोन धरला?"

"एकानं हात वर केला, आळस द्यायला. मॅडम, मी शेवटच्या रांगेत उभा होतो. फोन असता तर उजेड दिसला असता. आत कुणी काही केलं नाही, माझी मान कापून देतो."

"राहू दे मान. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांच्यासाठी कानाला लावायचं यंत्र आहे ना इथे? नियमाने असतं."

"होतं. सहा महिने झाले बिघडून. मालक म्हणाले, दुरुस्तीला टाकायचंय. त्यांच्याच कपाटात पडलंय कुलुपात." काका जरा जवळ आले. "एक आजोबा यायचे दर शनिवारी. कान गेलेले. ते लावून बघायचे बिचारे. आमच्या ताईने तीन वेळा लिहून दिलं मालकांना, दुरुस्त करा म्हणून. कोण ऐकतं?"

ताई म्हणजे तिकीटखिडकीतली मुलगी. बाईंनी तिला विचारलं तेव्हा तिने तक्रारवही पुढे सरकवली. तीन नोंदी होत्या, तीन वेगवेगळ्या महिन्यांतल्या. शेवटची जरा रागानेच लिहिलेली: 'आजोबा आज पुन्हा परत गेले. यंत्र कधी मिळणार?'

"तू वरच्या मशीनच्या खोलीत जातेस?"

"नाही."

"कधीच?"

"कधीच नाही. मला काय काम तिथे?" ती बोलली आणि खाली बघून तिकिटांचं पुस्तक उगाच सरळ करू लागली.

"मास्तर कसे आहेत?"

"चांगले आहेत." मग एकदम, "माझे वडील आहेत ते. पस्तीस वर्षांत एक खेळ चुकला नाही त्यांचा. त्यांच्यावर संशय घेणार असाल तर आधीच सांगते, ते देवमाणूस आहेत."

बाईंनी मान हलवली. देवमाणसं त्यांनी बरीच पकडली होती.

वर जायचा जिना लोखंडी, एकवीस पायऱ्यांचा. बाई अर्ध्यावर असतानाच वरून आवाज आला, "सांभाळून मॅडम, चौदावी हलते. आणि तुमच्या डाव्या बुटाची टाच झिजलीय."

"बघितलीत?"

"ऐकली."

मास्तर किडकिडीत होते, पांढरा शर्ट, बाह्या दुमडलेल्या. खोली मोठ्या कपाटाएवढी. मध्ये यंत्र घोंघावत होतं. समोरच्या भिंतीत दोन खिडक्या: एकीतून यंत्राचा झोत पडद्यावर जायचा, दुसरी माणसाला डोकवायला. यंत्राच्या बटणांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. बोटभर उंचीची काळी अक्षरं. 'दिवा'. 'आवाज'. 'खेळ सुरू'. 'खेळ बंद'. दोन्ही 'ळ'ची शेपटी लांब ओढलेली.

बाईंनी ते पाहिलं. डोकवायच्या खिडकीच्या कठड्यावर धूळ होती आणि धुळीत तीन गोल ठसे, कसल्यातरी तिपाईचे. तिथे भिंतीलगत दोन वायरी लोंबत होत्या. एक विजेच्या बटणाकडे गेलेली. दुसरी जमिनीलगतच्या भोकातून खाली उतरलेली.

"या वायरी कसल्या?"

मास्तरांनी हात पुढे करून चाचपून पाहिलं. "चार्जिंगच्या."

"दोन्ही?"

"दोन्ही. एकीनं पुरत नाही."

"कशाचं चार्जिंग?"

मास्तर थांबले. "बॅटरीचं. हातातल्या."

खोटं बोलायची त्यांना अजिबात सवय नव्हती, हे बाईंना तेव्हाच कळलं. आणि मग बाईंनी एक गोष्ट केली जिची त्यांना पुढे बरेच दिवस लाज वाटली. मास्तरांचं तोंड दुसरीकडे आहे असं बघून त्यांनी फोकसचं बटण तीनदा दाबलं. पडद्यावरची माणसं विरघळली.

"मास्तर, फोकस बरोबर आहे ना?"

मास्तर खिडकीशी गेले. काचेला कपाळ टेकवलं. नीट, सावकाश पाहिलं.

"आरशासारखा," ते म्हणाले.

आणि खालून, अंधारातून, कुणीतरी शिट्टी वाजवली. "ओ मास्तर! फोकस! झोपलात काय?"

मास्तरांचा हात काचेवरच राहिला. बाईंनी घाईघाईने बटण उलटं दाबून चित्र जागेवर आणलं. खालची शिट्टी थांबली. यंत्र घोंघावत राहिलं.

"किती दिवस झाले?" बाईंनी विचारलं.

"दीड वर्ष." मास्तर स्टुलावर बसले. "मधलं सगळं गेलंय. कडेचं दिसतं थोडं. तुमचा चेहरा नाही दिसत, कान दिसतात. डॉक्टर म्हणाले, परत येणार नाही. पोरीला माहीत आहे. ती सकाळी लवकर येऊन सगळं लावून देते, किल्लीची पत्रं वाचते. तिला काही बोलू नका."

"मग फोकस कसा लावता?"

"अंदाजाने."

"मास्तर."

"अंदाजाने म्हटलं ना." त्यांचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "मॅडम, कोणीतरी सिनेमा चोरला, हो ना? मालक सांगून गेले मघाशी. नाव मिळालं नाही तर थिएटर बंद होणार. मग माझं लिहा."

"तुम्ही चोरला?"

"चोर म्हणा मला. चोर दोन वर्षांनी सुटतो, परत येऊन पाया पडून काम मागू शकतो. पण आंधळा आहे असं खाली सांगू नका. आंधळ्याला मशीनवर कोण उभं करतं? मी या खोलीत चोविसाव्या वर्षी आलो मॅडम. घरी मला पंख्याचं बटण सापडत नाही. इथे मी सगळं करतो."

त्या खाली आल्या आणि चहा मागितला. तो थंड होईपर्यंत तशाच बसून राहिल्या.

कोडं सुटलं होतं. तेच तर वाईट होतं. खरं सांगितलं तर मास्तर चोरीतून सुटणार आणि त्याच क्षणी खोलीतून जाणार. सांगितलं नाही तर मास्तर तुरुंगात, आणि थिएटर चालू. पोरीची नोकरी, काकांची नोकरी, सगळं चालू. अहवालावरच्या एका खोट्या सहीत तीन घरं तगत होती. बाईंनी दोन वाजताचा खेळ सुरू झालेला ऐकला, संपलेला ऐकला. जेवण त्यांनी केलं नाही.

पाच वाजता त्यांनी सगळ्यांना खालच्या दालनात बोलावलं. मालक, मास्तर, ताई, टॉर्चकाका. बाहेर सहाच्या खेळाचं पोस्टर वाऱ्याने फडफडत होतं.

बाईंनी तोंड उघडायच्या आधीच मास्तर पुढे आले. लेकीचा हात सोडून दोन पावलं, बरोबर मोजून.

"मी केलं," ते म्हणाले. "सिनेमा मीच उतरवला."

"बाबा!" ताई किंचाळली.

"गप्प बस तू."

टॉर्चकाका तोंडाचा आ वासून बघत राहिले. मालकांनी डोळ्यांना रुमाल लावला. "मास्तर, काय करून बसलात हो हे? मला एक शब्द सांगायचा होतात." त्यांनी बाईंकडे पाहिलं. "मॅडम, म्हातारा माणूस आहे. जरा सांभाळून घ्या. पण आता नाव मिळालंय तर... किल्लीचं बघा ना. सहाचा खेळ आहे."

बाईंनी तो रुमाल पाहिला आणि त्यांचं ठरलं. तोवर ठरलं नव्हतं. त्या रुमालाने ठरवलं.

"मास्तर, कुठून उतरवलात?"

"वरून. डोकवायच्या खिडकीतून."

"बरोबर. आत कुणाचं डोकं मध्ये आलं नाही, चित्र सरळ आहे. वरूनच उतरवलंय. कशाने?"

"फोनने."

"आणि आवाज?"

मास्तर गोंधळले. "आवाज... फोनमध्ये येतोच की आवाज."

"तुमच्या खोलीत यंत्र गिरणीसारखं घोंघावतं. फोनने आवाज घेतला असता तर ती घरघर आली असती. प्रतीत घरघर नाही. तुम्हाला आवाज कुठून घेतला हेच माहीत नाही, कारण तो तुम्ही घेतला नाही."

"मॅडम, तो स्वतः कबूल करतोय..." मालक म्हणाले.

"थांबा." बाई मास्तरांकडे वळल्या. "मास्तर, मला माफ करा. तुम्ही सांगू नका म्हणालात ते मला सांगावं लागणार आहे."

मास्तरांनी मान खाली घातली. लेकीने पुन्हा त्यांचा हात धरला.

"प्रतीत एका जागी चित्र मोठं होऊन शिंप्याच्या पाटीवर जातं. चार सेकंद. कुठलाही चोर असं करणार नाही, त्याचा माल बिघडतो. हे कोण करतं? ज्याला सिनेमा नको असतो, फक्त अक्षरं हवी असतात. फोकस अक्षरांवर लावतात, हो ना मास्तर?"

"सुरुवातीला नावांवर," मास्तर हळूच म्हणाले. "मध्यंतरानंतर पहिली दिसेल ती पाटी. चार मोजायचे. मला माझ्या उस्तादांनी शिकवलं तसं."

"पण चांगल्या डोळ्यांचा माणूस हे खिडकीतून नुसतं बघून करतो. चित्र मोठं करून बघावं लागतं ते ज्याला दिसत नाही त्याला. मास्तरांना दीड वर्ष दिसत नाही. बटणांवरच्या चिठ्ठ्या ताईच्या हातच्या आहेत, तिकीटखिडकीवरच्या पुठ्ठ्याशी ताडून बघा. ताई माझ्याशी खोटं बोलली ती एवढ्यासाठी."

"अरे देवा," टॉर्चकाका म्हणाले. "मास्तर, आणि मी रोज तुम्हाला खालून हात करतो!"

"फोन तिपाईवर लावलेला असायचा. मास्तर फोनला नाक लावून, दोन बोटांनी चित्र मोठं करून फोकस बघायचे. त्यांच्यासाठी तो चष्मा होता. कोपऱ्यात लाल ठिपका पेटलेला असतो, म्हणजे सगळं आत साठवलं जातंय, हे त्यांना दिसणं शक्यच नव्हतं. आता मला सांगा, फोकस बघायला आवाज कशाला लागतो?"

बाईंनी एकेकाकडे पाहिलं.

"लागत नाही. तरीही त्या फोनला दुसरी वायर होती. मास्तरांना सांगितलं होतं, तीही चार्जिंगची. ती भोकातून खाली जाते. जिन्याच्या खाली कुणाची खोली आहे?"

मालकांनी रुमाल खिशात ठेवला.

"प्रतीत बोलणं मोठं आहे आणि गाणी बारीक. असा आवाज थिएटरात एकाच ठिकाणी मिळतो, कमी ऐकणाऱ्यांच्या कानाच्या यंत्रात. त्यांना बोलणं कळावं म्हणून ते तसं बनवलेलं असतं. ते यंत्र सहा महिने बिघडलंय असं सांगणारे तुम्ही. त्याचं कुलूप तुमचं. ताई चोर असती तर तिने ते दुरुस्त करा, बाहेर काढा म्हणून तीनदा लिहून दिलं नसतं. आणि तो पाचव्या कप्प्यातला पडीक फोन. मी आल्याचा निरोप वर गेला आणि तुम्ही तो खिशात घालून खाली आलात. पडून असलेला फोन गरम नसतो, मालक."

"हे सगळे तर्क झाले."

"मग कपाट उघडा."

मालक जागचे हलले नाहीत. त्यांनी किल्ल्यांचा जुडगा काकांच्या हातात टाकला. काकांनी जाऊन खोलीतलं कपाट उघडलं; दारातून सगळ्यांना दिसत होतं. वरच्या फळीवर ते बिघडलेलं यंत्र होतं. त्याचा हिरवा दिवा लागलेला होता. मागून निघालेली वायर भिंतीच्या भोकात शिरत होती.

मग मालकच बोलले, आणि आवाजात पश्चात्तापापेक्षा थकवाच जास्त होता.

"हा पाचवा सिनेमा. आधीच्या प्रती विकत घेणारा मुद्दाम पुसट करून टाकायचा, खूण वाचता येऊ नये म्हणून. या वेळी त्याला पहिल्याच दिवशी घाई झाली. खेळाला सात माणसं, मॅडम. सहा महिने हे थिएटर कशावर चाललं असं वाटलं तुम्हाला? सिनेमे विकले म्हणून इथे सिनेमा लागत होता."

"आणि नेटवर ज्यांनी फुकट पाहिला ते तुमच्या दारात कशाला येतील?"

"माहीत होतं." मालक हसल्यासारखं करून थांबले. "तेही माहीत होतं. पण मग काय करायचं होतं, सांगा ना. आहे उत्तर?"



मास्तर मालकांच्या आवाजाच्या दिशेने वळले. थिएटरात ते मालकांना नेहमी अहोजाहो करायचे, चारचौघांत तर नक्कीच.

"तू मला ठेवलंस ते यासाठी?" मास्तरांनी विचारलं. "ज्याला फोनशिवाय दिसत नाही असा मशीनवाला हवा म्हणून?"

"नाही रे. पहिल्यांदा फोन आणला तो तुझ्यासाठीच. खरंच तुझ्यासाठी."

"आणि मघाशी मी माझं नाव घेतलं, तेव्हा?"

मालकांनी दाराकडे पाहिलं.

बाईंनी साहेबांना फोन केला. साहेब म्हणाले, शाब्बास. किल्ली आता येणार नव्हती, या थिएटरला कधीच. पोलिसांची गाडी आली, मालक कोटाची बटणं लावून तिच्यात बसले. सहाच्या खेळाला चौघे आले होते. त्यांत ते शनिवारचे आजोबाही होते. टॉर्चकाका त्यांच्या कानात ओरडून सांगत होते, खेळ नाही म्हणून. आजोबा हसून मान हलवत होते आणि तिथेच उभे होते.

काका परत आले ते थेट बाईंसमोर. "मॅडम, तुम्ही खरं शोधलंत. चांगलं केलंत. पण कुणाचं भलं झालं हो यात?"

"कुणाचंच नाही," बाई म्हणाल्या.

सहा वाजून दोन मिनिटांनी त्या वर गेल्या. मास्तर यंत्रापाशी होते, शेजारी ताई. यंत्राच्या छोट्या पडद्यावर तारीख संपल्याचा लाल शेरा आला होता. तो ताईने वाचून दाखवला.

"मॅडम, एक विचारायचं होतं," मास्तर म्हणाले. ते बाईंच्या जरा डावीकडे बघत होते. "त्या चोरीच्या प्रतीत... फोकस कसा होता?"

यात खोटं बोलायची गरज नव्हती. अख्ख्या दिवसात ही एकच गोष्ट अशी होती.

"अकरा वर्षांत मी इतका चोख फोकस पाहिला नाही. लोकांनी डोळ्यांनी लावलेला पण नाही."

मास्तरांचा चेहरा उजळला. लहान मुलासारखा उजळला. ताई रडायला लागली.

"म्हणून तर खूण लगेच वाचता आली," बाई बोलून गेल्या आणि मग त्यांनी जीभ चावली.

मास्तर यंत्राकडे वळले. "म्हणजे फोकस जरा हलला असता तर..."

"तर कदाचित वाचता आली नसती."

"थिएटर राहिलं असतं."

"काही दिवस."

त्यांनी मान हलवली. मग बोटांनी चिठ्ठ्या चाचपत 'खेळ बंद'वर आले आणि बटण दाबलं. समोरच्या खिडकीतला उजेड गेला. यंत्राचा पंखा मात्र फिरत राहिला.

"चला बाबा," ताई म्हणाली.

"दहा मिनिटं थांब. दिवा निवला पाहिजे. पंखा मध्येच बंद केला तर तडकतो."

"बाबा, उद्या कोण लावणार आहे तो?"

"तरी पण," मास्तर म्हणाले.

मग तिघंही पंखा थांबेपर्यंत तिथेच उभी राहिली.